बाहेरच्या खोलीतलं तळं

या घरात तालमीशिवाय काही होत नाही, हे धाकट्या सुनेला लग्नाआधीच कळलं होतं, कारण लग्नाचीच तालीम झाली होती. सही कुठे करायची, पेन कुणी पुढे करायचं, फोटो काढताना कुणी कुणाच्या पुढे यायचं नाही, हे सगळं अण्णांनी आदल्या रविवारी बाहेरच्या खोलीत बसवून घेतलं होतं. नवऱ्या मुलाला सही करताना जीभ बाहेर काढायची खोड होती, ती त्या एका दुपारी सुटली. धाकटी तेव्हा मनातल्या मनात हसली होती, आणि आपण कुठल्या घरात पडतोय याचा तिला पुरता अंदाज आला होता.

सासरे, म्हणजे अण्णा, जन्मभर नाटक कंपनीत पडद्यामागची व्यवस्था बघत. कुणी कुठून यायचं, कुठलं टेबल कुठे ठेवायचं, दिवा कधी मालवायचा, सगळं त्यांच्या इशाऱ्यावर चाले. सासूबाई, ज्यांना अख्खं घर माई म्हणे, त्याच कंपनीत प्रॉम्प्टर होत्या. विंगेत बसून विसरभोळ्या नटांना वाक्यं पुरवायची, हे त्यांचं काम. दोघं निवृत्त झाली तेव्हा कंपनी सुटली, पण सवय घरी आली. अण्णा घर बसवायला लागले आणि माई घरातल्या प्रत्येकाचं वाक्य त्याच्याआधी पूर्ण करायला लागल्या. थोरला मुलगा तर अर्धं वाक्य बोलून गप्पच बसे. उरलेलं आई बोलेल, याची त्याला खात्री असे.

तेव्हा सुट्टीत तळ्यातल्या बेटावर तंबू ठोकून राहायचं ठरल्यावर त्याची तालीम होणार, हे ओघानंच आलं. तंबू कुणाचा कुठे, यावरून मागच्या आठवड्यात जुंपली होती, ती कशीबशी मिटली होती. आता प्रश्न नावेचा होता. नाववाला एका खेपेला वल्हवणारा धरून चार माणसं आणि एक कुत्रा, यापेक्षा जास्त घेऊ देत नसे. जाणारी होती नऊ माणसं आणि दोन कुत्री.

त्यातही नुसती डोकी मोजून भागत नव्हतं. मुलांना कुठल्याच काठावर मोठ्या माणसाशिवाय सोडायचं नाही, हे उघड होतं. कुत्र्यांचंही तसंच. घरचं म्हातारं कुत्रं, ज्याला सगळे गाठोडं म्हणत, दिवसभर बांधून ठेवल्यासारखं एका जागी पडून असे, पण सुतळी दिसली की त्याच्यात प्राण येई. सुतळी ही धाकटीबरोबर सासरी आलेली कुत्री, लांब, बारीक आणि कुणाचंही न ऐकणारी. या दोघांना मध्ये माणूस नसताना एका काठावर ठेवणं शक्य नव्हतं. माई आणि थोरली सून यांनाही तिसऱ्या माणसाशिवाय एका काठावर ठेवायचं नाही, असं कुणी तोंडानं म्हणालं नव्हतं, पण अण्णांच्या आखणीत तेही धरलेलं होतं.

या सगळ्या गमतीत एरवी धाकटी सगळ्यांच्या पुढे असती. आज तिचं लक्ष आपल्या आधीच्या लग्नातल्या लेकीकडे होतं.

सकाळी बुटाच्या नाड्या बांधता बांधता लेकीनं खाली मान घालूनच सांगितलं होतं, की तिला बेटावर यायचं नाहीये. ती तेवढे दिवस मावशीकडे राहील. धाकटीनं कारण विचारलं तर म्हणाली, काही कारण नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाली, "तिथे मी काय करू? सगळ्यांना काहीतरी असतं." शेवटी तडजोड अशी झाली, की आज तालमीला यायचं, आणि संध्याकाळी तरीही नकोच वाटलं तर मावशीला फोन करायचा. लेक हो म्हणाली, पण दाताच्या डॉक्टरकडे जाताना म्हणतात तसं म्हणाली.

धाकटीला भीती वाटत होती, आणि ती कसली हे तिला नीट माहीत होतं. लेक मावशीकडे राहिली तर आकाश कोसळणार नव्हतं. सगळे समजून घेतील, कुणी एका शब्दानं बोलणार नाही. पण बेटावरून परतल्यावर वर्षभर त्याच गोष्टी निघतील, तेव्हा तू कसा पडलास आणि तेव्हा ती कशी रडली, आणि लेक त्यात कुठेच नसेल. पुढच्या वर्षी तिला कुणी विचारतानाही जरा बिचकून विचारेल. लग्नाला वर्ष होत आलं तरी नऊ वर्षांची ही पोरगी या घरात खुर्चीच्या टोकावर बसत होती, आणि आता ती खुर्चीही सोडून चालली होती. धाकटीला हे सहन होण्यासारखं नव्हतं.

दुपारी जेवणं आटोपल्यावर अण्णांनी चमच्यानं पेल्यावर तिसरी घंटा दिली. पहिल्या दोन कुणीच मनावर घेतल्या नव्हत्या.

बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावलं होतं आणि निळी चादर अंथरून तळं केलं होतं. स्वयंपाकघराचं दार हा अलीकडचा काठ, बाल्कनी हे बेट. जेवणाच्या चार खुर्च्या एकामागे एक लावून नाव तयार होती. वल्हं म्हणून धाकट्याच्या, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याच्या, हातात केरसुणीचा दांडा दिला होता. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर अंधाऱ्या बोळकांडीत लोंबकळून आलेला, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी त्याला कुठेही बसवलं तरी तो खूश असे. थोरला रात्रपाळीचा बेकरीवाला. तो आतल्या खोलीत घोरत पडला होता, म्हणून त्याच्या जागी गुंडाळलेली गादी आणली होती.

"गादी बरी आहे," थोरली जाऊ म्हणाली. "निदान सांगितलेल्या जागी बसते."

थोरली जाऊ शाळेच्या बसगाड्या सोडायच्या कामावर होती. कुठली गाडी कधी निघाली आणि कुठे अडकली, हे फोनवरून हाताळायची तिला सवय, त्यामुळे अण्णांची खेपांची आखणी बघून तिचे हात शिवशिवत होते. गादी पहिल्या खेपेत जाऊ द्या म्हणजे तंबू ठोकायला माणूस होईल, असं तिनं सुचवलं. अण्णांनी ते मानलं, पण आपल्याला आधीच सुचलं होतं अशा चेहऱ्यानं. मग माईंनी आपली शेगडी पहिल्या खेपेत हवी म्हणून सांगितलं. एक शेगडी पुरे, दुसरी कशाला, असं जावेनं विचारलं. दोन शेगड्या असल्या की कुणाला थांबावं लागत नाही, असं माई म्हणाल्या. थांबलं तर काय बिघडतं, आपण बेटावर चाललोय, स्टेशनवर नाही, असं जाऊ म्हणाली. आणि मग, नेहमीप्रमाणे, दोघींनी एकदम धाकटीकडे बघितलं.

धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, आणि अशा वेळी स्वतःचा चष्मा काढून पदराला पुसायची कला तिनं या घरात आल्यावर अवगत केली होती. चष्मा नसला की कुणाचा चेहरा कसा झालाय ते दिसत नाही, आणि न दिसलेल्या चेहऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही. ती काच पुसत राहिली. माई म्हणाल्या, "तिचं म्हणणं आहे, की…" आणि धाकटीचं म्हणणं त्यांनी स्वतःच पूर्ण केलं. ते दोन शेगड्यांच्या बाजूचं निघालं.

मग कामं वाटली गेली. जावेची मुलगी, दहा वर्षांची, जिला वादावादीच्या हौसेमुळे घरात वकीलीण म्हणत, तिच्याकडे गाठोड्याचा पट्टा. तिचा धाकटा भाऊ चिमटा, ज्याच्या बोटांना चैन नसे, त्याच्याकडे कुत्र्यांच्या वाट्या, म्हणजे हात गुंतलेले राहतील. माईंकडे खाण्याच्या पिशव्या. धाकटीकडे औषधं. जावेकडे सगळ्यांच्या फुगवायच्या जाकिटांची मोजदाद.

"आणि तू, बाळा," अण्णा लेकीकडे वळून म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, "तू मधल्या खुर्चीवर बस. तिथे पाणी उडत नाही. सुतळीला घे जवळ. बाकी काही नाही करायचं हं."

माईंनी लगबगीनं मधल्या खुर्चीवर उशी आणून ठेवली. लेक उशीवर बसली. "थँक यू," ती म्हणाली, आणि माईंनी तिचे दोन्ही शब्द पूर्ण होईपर्यंत वाट बघितली. या घरात माई फक्त पाहुण्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत.

पहिली खेप निघाली. नावेचा नियम एकच, पण तो लोखंडी: नाव पाण्यात असताना कुणी उभं राहायचं नाही. चिमट्याच्या हातून वाटी घरंगळली आणि ती उचलायला तो अर्धवट उठला, तर अण्णांनी असा काही आवाज लावला की आतल्या खोलीतलं घोरणं थांबलं. "खाली. बस. मेलास तू. तळ्यात गेलास, तुझ्यामुळे काका गेला, गादी गेली. वाटीसाठी तीन माणसं बुडवलीस. पुन्हा पहिल्यापासून." चिमटा खो-खो हसत खाली बसला. त्याला मरायला फार आवडे.

पुन्हा पहिल्यापासून झालं. या वेळी वकीलिणीनं काठावर गाठोड्याचा पट्टा दाराच्या कडीला अडकवून मोकळ्या हातानं बिस्किट खाल्लं, म्हणून तिची खरडपट्टी निघाली. पट्टा कडीला की हाताला, यावर तिनं पाच मिनिटं युक्तिवाद केला, त्याबद्दल वेगळी निघाली. जावेनं आपल्या दोन्ही पोरांना वरून आणखी चार शब्द सुनावले. माईंनी धाकट्याला वल्हं उलटं धरल्याबद्दल झापलं. खोलीत प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी आलं, धाकटीच्याही. औषधांची पिशवी खालच्या बाजूला ठेवून ती ओली केल्याबद्दल अण्णांनी तिला चांगलंच बोलून घेतलं. सासरी आल्यावर पहिल्यांदा अशी बोलणी बसली होती, तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन रडली होती. आता तिला ती सोसतही होती आणि, खरं सांगायचं तर, जरा आवडतही होती.

एकट्या लेकीला कुणी काही बोललं नाही. सुतळीनं तिसऱ्या खेपेत पडदा ओढून खाली आणला, तर अण्णा म्हणाले, असू दे, असू दे. लेकीनं चुकून माईंच्या पिशवीवर पाय दिला आणि आतलं काहीतरी कुस्करलं, तर माई म्हणाल्या, असू दे, बाळा. रोज माणसांचे डोळे बघणाऱ्या धाकटीला लेकीची नजर कुठे जातेय ते स्पष्ट दिसत होतं. चिमट्याला ओरडा बसला की ती त्याच्याकडे बघे, वकीलिणीला बसला की तिच्याकडे. दुसऱ्याच्या हातातलं आइस्क्रीम बघावं, तशी बघत होती पोरगी.

आणि मग, सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सुरू झालं असताना, नाव अगदी चादरीच्या मधोमध असताना, लेक उभी राहिली.

चुकून नाही. धाकटीनं ते पूर्ण बघितलं. लेकीनं आधी अण्णांकडे बघितलं, मग खुर्चीवर चढली, उशीवर दोन्ही पाय रोवून सरळ उभी राहिली, आणि हातातला सुतळीचा पट्टा सोडून दिला.

सुतळी जी सुटली ती खुर्चीच्या पाठीवरून थेट काठावर, गाठोड्याच्या वाटीत. गाठोड्यानं वर्षभरात केली नव्हती एवढी धावपळ पुढच्या क्षणात केली. वकीलीण पट्ट्यासकट ओढली गेली, तिचा धक्का लागून शेवटची खुर्ची आडवी झाली, गादी चिमट्यावर पडली, आणि कुत्र्यांसाठी भरून ठेवलेलं पाण्याचं पातेलं कलंडून तळ्यात खरंच पाणी आलं. धाकट्यानं दांडा टाकून दोन्ही कुत्र्यांना दोन हातांनी मानेशी धरलं. लेक खुर्चीवरून उतरून भिंतीशी जाऊन उभी राहिली. कुणालाही काही लागलं नव्हतं.

सगळे तिच्याकडे बघत होते. अण्णांचं तोंड उघडलं. धाकटीला वाटलं, आता. पण अण्णांनी ते पुन्हा मिटलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "असू दे. असू दे, बाळा. लागलं नाही ना तुला?"

"दमली असेल," माई म्हणाल्या. "सरबत करू का?"

लेकीचा चेहरा असा पडला, की धाकटीला तो बघवेना. सगळं पणाला लावून पोरीनं एकच गोष्ट मागितली होती, आणि तिला सरबत मिळत होतं.

तेव्हा वकीलीण उठली. तिचा फ्रॉक पुढून पूर्ण भिजला होता, आणि न्यायाची तिला घरात सगळ्यात जास्त चाड होती.

"हे बरोबर नाही," ती म्हणाली. "मागच्या वर्षी मी नावेत उभी राहिले, ते पण नुसती अर्धी, तर अण्णांनी मला नावेतून काढलं आणि सगळी तालीम संपेपर्यंत काठावर उभं केलं. चिमट्याला आत्ता ओरडले. हिला का नाही ओरडत?"

जावेनं तिला गप्प बसायला सांगितलं. वकीलीण गप्प बसली नाही. "हिला कधीच ओरडत नाहीत. हिनं काचेची बरणी फोडली तेव्हा नाही, कुत्रीनं बाबांचे बूट खाल्ले तेव्हा नाही. आम्ही काय केलंय?"

अण्णा नावेच्या पुढच्या खुर्चीवर हात ठेवून उभे होते. मग ते धाकटीकडे वळले, आणि ते चिडलेले नव्हते, नुसते काळजीत होते.

"पोरगी म्हणते ते खरं आहे," ते म्हणाले. "ही चादर आहे म्हणून ठीक. तळ्यात कुणी असं उभं राहिलं तर नाव उलटेल. पाण्यावर मी ओरडलो की पोरांनी तिथल्या तिथे बसायला पाहिजे. ज्या पोराला मी ओरडू शकत नाही, त्याला मी नावेत घेऊ शकत नाही, सूनबाई."

"मग ओरडा ना, अण्णा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "का नाही ओरडत?"

अण्णा गोंधळले. त्यांनी माईंकडे बघितलं. माईंनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, पुढचं वाक्य लगेच पुरवलं नाही.

"अगं, तूच सांगितलं होतंस," शेवटी जाऊ म्हणाली.

आणि धाकटीला आठवलं. लग्नाच्या आधी, याच खोलीत, याच भिंतीशी बसून तिनं या लोकांना सांगितलं होतं, की पोरीचे वडील गेल्यापासून ती मिटून गेलीय, कितीतरी दिवस एक शब्द बोलली नव्हती, तेव्हा कृपा करून तिच्यावर कुणी आवाज चढवू नका. तेव्हा ते खरं होतं. पोरगी दार आपटलं तरी दचकायची. पण सांगून झाल्यावर धाकटी ते विसरली होती. हे लोक विसरले नव्हते. दिलेली सूचना परत घेतली जात नाही तोवर ती चालू असते, अशाच शिस्तीत या घराचा जन्म गेला होता.

"आम्ही तालीम केली होती त्याची," चिमटा गादीखालून बाहेर येत म्हणाला.

"कसली तालीम?" हे लेकीनं विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली होती.

मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सांगायची पाळी वकीलिणीवर आली, आणि ती तिनं आनंदानं घेतली. तुम्ही राहायला यायच्या आधी, ती म्हणाली, अण्णांनी सगळ्यांना बसवून तालीम घेतली. कुणी काही सांडलं, फोडलं, तोडलं, तर न ओरडता 'असू दे, बाळा' कसं म्हणायचं. बाबांना काही केल्या जमेना, ते ओरडूनच 'असू दे' म्हणायचे. त्यांच्याकडून किती वेळा करून घेतलं. माईला मध्ये न बोलण्याची वेगळी तालीम होती. अण्णा स्वतः आरशासमोर करायचे.

"आणि मी तू झाले होते," वकीलीण म्हणाली. "दिवसभर मी दूध सांडत होते, आणि कुणी मला काही बोलत नव्हतं. पहिल्यांदा मज्जा आली. नंतर फार कंटाळा आला."

लेक तिच्याकडे बघत राहिली, मग अण्णांकडे. म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते. माई उगाचच पातेलं सरळ करत होत्या. धाकटीला वाटलं होतं, या माणसांनी आपल्या पोरीला दारातच ठेवलंय. ती माणसं वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसली होती, आणि या घरात तोंडाला कुलूप लावणं म्हणजे काय, हे आता तिच्याइतकं कुणाला कळलं असतं? राग यायचा तर तिला फक्त स्वतःचा येत होता, आणि तोही टिकत नव्हता.

"अण्णा," ती म्हणाली, "ती सूचना मी परत घेते. आत्तापासून. सगळ्यांसाठी."

अण्णांनी मान हलवली, पण ते लगेच पुढे झाले नाहीत. त्यांनी धाकटीला नीट बजावून विचारलं, की एकदा आपण सुरू झालो की आपल्याला मध्ये थांबता येत नाही, हे तिला माहीत आहे ना. धाकटी म्हणाली, माहीत आहे, शेजाऱ्यांनाही माहीत आहे. मग अण्णांनी सदरा खाली ओढला, आडवी खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि लेकीच्या समोर येऊन उभे राहिले.

"कुणी उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं होतं की नव्हतं?"

आवाज असा लागला की गाठोडं टेबलाखाली गेलं.

"होतं," लेक म्हणाली.

"ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"मग उभी का राहिलीस? शिडासारखी? पट्टा सोडलास तो सोडलास, वर माझ्याकडे बघून सोडलास. ही भिजली, तो गादीखाली गेला, कुत्रं म्हातारं आहे, त्याला काही झालं असतं म्हणजे? आणि खरं पाणी असतं, तर मी कुणाकुणाला काढायचं होतं? मला पोहता येत नाही नीट, ठाऊक आहे?"

लेकीची हनुवटी थरथरायला लागली. धाकटी पुढे निघाली. धाकट्याच्या दोन्ही हातांत कुत्री होती, म्हणून त्यानं नुसता पाय आडवा घातला आणि तिच्याकडे बघून मान हलवली. एरवी घरात कुणाला अडवेल असा तो माणूस नव्हता. धाकटी थांबली. ते दोन-चार श्वास तिला फार जड गेले.

"मला कंटाळा आला होता," लेक म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती मागे सरली नाही. "सगळ्यांना कामं देता. मला नुसतं बसवता उशीवर. मी काय गादी आहे?"

चिमट्याला हसू फुटलं. जावेनं त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि स्वतः दुसरीकडे बघितलं.

"काम हवं असेल तर मागायचं," अण्णा गरजले. "तोंड दिलंय ना? आत्ता कसं चालतंय चुरूचुरू? नाव बुडवायची नाही त्यासाठी."

"मागितलं असतं तर तुम्ही…"

"तर तुम्ही दिलं नसतं," माईंनी वाक्य पूर्ण केलं. "दिलं असतं. आता चुकलं म्हण आधी."

"चुकलं. पण…"

"पणबिण काही नाही," माई म्हणाल्या. "माझ्या पिशवीवर पाय दिलास तेही चुकलंच. मी मघाशी बोलले नाही एवढंच. बिस्किटांचा भुगा झालाय सगळा."

"आणि माझा फ्रॉक," वकीलीण म्हणाली.

"आणि बाबांचे बूट," चिमटा म्हणाला.

आतल्या खोलीतून थोरल्याचा झोपाळलेला आवाज आला. बुटांचं आपण नंतर बघू, असं तो म्हणत होता, पण तो बूट या शब्दाशीच थांबला आणि उरलेलं माईंनी इथून पूर्ण केलं.

अण्णांनी निकाल दिला. ही सगळी खोली लेकीनं पुसून काढायची, एकटीनं, कोपऱ्यांसकट. तोवर बाकीच्यांनी चहा घ्यायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. आणि सुतळीला नावेत धरून बसणं, बेटावर बांधणं, खायला घालणं, सगळं तिच्याकडे, एकदा जरी पट्टा सुटला तर कुत्री घरी. लेकीनं बाहीला डोळे पुसले आणि विचारलं, की गाठोड्याचं काय. गाठोडं माझं आहे, वकीलीण म्हणाली. त्यावर दोघींची जुंपली.

धाकटी स्वयंपाकघरात निघून गेली. तिनं नळ सोडला, ओट्याला टेकून उभी राहिली आणि थोडी रडली. हसतही असावी. मग चहाचं आधण ठेवायला जाऊ आली. तिनं नळ बंद केला आणि एकच शेगडी पेटवली.

तेवढ्यात लेक आत आली. नाक लाल, केस कपाळाला चिकटलेले. तिनं ओट्याखालची बादली ओढली, फडकं शोधलं, पिळलं, ते नीट पिळलं गेलं नाही, पुन्हा पिळलं. बाहेरून अण्णा ओरडत होते, की तळं अजून तसंच आहे आणि पाणी कपाटाखाली चाललंय. आले, असं लेक तिथूनच ओरडली.

धाकटीला राहवलं नाही. ती वाकली आणि बादलीची कडी धरली. "दे इकडे. केवढं पाणी आहे ते. मी पुसते."

लेकीनं बादली दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतली.

"तू नको," ती म्हणाली. "बोलणी मी खाल्लीत."